प्रमाणवर्धन, जैव इंधन व जैव रसायन उत्पादनाचे

सूक्ष्मजीव किंवा एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) यांच्या साहाय्याने इंधन वा रसायन तयार करण्याची प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेली प्रक्रिया व्यापारी प्रमाणावर, सातत्याने व परवडणाऱ्या खर्चात चालविता येईल अशा स्वरूपात आणणे, यास प्रमाणवर्धन म्हणतात. एथिल अल्कोहॉल (एथेनॉल) व ब्युटेनॉल ही इंधने आणि सायट्रिक अम्ल, लॅक्टिक अम्ल, ॲसिटोन, १, ३-प्रोपेनडायॉल इ. रसायने अशा प्रक्रियांनी मिळविता येतात.

प्रयोगशाळेतील चंबूत काही मिलिलिटर द्रव असतो, तर मोठ्या किण्वनपात्राची धारणक्षमता लाखो लिटर असू शकते. मोठे पात्र म्हणजे लहान पात्राची केवळ वाढविलेली प्रतिकृती नव्हे. आकारमान वाढले की, उष्णता बाहेर जाण्याचा वेग, द्रवाचे मिश्रण, ऑक्सिजनाचा पुरवठा व निर्जंतुकता या सर्वच बाबी बदलतात. सूक्ष्मजीव तोच असला, तरी त्याच्या भोवतालची परिस्थिती तीच राहत नाही. म्हणून प्रयोगशाळेत मिळालेला उतारा (कच्च्या मालापासून मिळणाऱ्या उत्पादनाचे प्रमाण) कारखान्यातही मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. कारखाना उभारण्यासाठी मोठे भांडवल गुंतवावे लागत असल्याने या गृहीतकातील चूक फार महाग पडते.

इतिहास : मद्यनिर्मितीतील किण्वन प्राचीन काळापासून मोठ्या प्रमाणावर होत आले आहे. यीस्टमुळे तयार होणारे अल्कोहॉल व द्रवाची अम्लता यांमुळे इतर सूक्ष्मजीवांच्या वाढीला बराच पायबंद बसतो व त्यामुळे काटेकोर निर्जंतुकता नसतानाही ही प्रक्रिया चालते. प्रयोगशाळेतील शोधापासून नवा उद्योग उभारण्याचे आरंभीचे एक महत्त्वाचे उदाहरण म्हणजे ॲसिटोन-ब्युटेनॉल किण्वन होय. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट या स्फोटक द्रव्याच्या निर्मितीसाठी ब्रिटनला ॲसिटोनाची निकड भासली. मँचेस्टर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ काइम वाइझमान यांनी स्टार्चयुक्त धान्यापासून ॲसिटोन व ब्युटेनॉल तयार करणारा, पुढे क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या नावाने ओळखला गेलेला जिवाणू वेगळा केला होता. त्यावर आधारित प्रक्रियेच्या मोठ्या प्रमाणावरील चाचण्या लंडनमधील एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात घेण्यात आल्या आणि नंतर ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथे तिचे उत्पादन झाले. मद्याच्या किण्वनाप्रमाणे ही प्रक्रिया ढिलाईने चालविता येत नाही, हे लवकरच दिसून आले. अमेरिकेतील टेरे होट येथील कारखान्यात १९२३ मध्ये जंतुभक्षक (जिवाणूंवर वाढणाऱ्या) व्हायरसांच्या प्रादुर्भावाने किण्वन मंदावून उत्पादन मोठ्या प्रमाणात घटले होते.

हवेतील ऑक्सिजनाची आवश्यकता असणाऱ्या सूक्ष्मजीवांचा प्रश्न वेगळा होता. ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून सायट्रिक अम्ल मिळविण्याची जेम्स करी यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रक्रिया १९१९ पासून व्यापारी प्रमाणावर वापरात आली. परंतु बुरशी उथळ तबकांतील द्रवाच्या पृष्ठभागावरच वाढवावी लागे. उत्पादन वाढविण्यासाठी तबकांची संख्या वाढविणे एवढाच उपाय होता. खोल टाकीत निर्जंतुक हवा सोडून व द्रव सतत ढवळून बुरशी वाढविण्याच्या तंत्राने ही मर्यादा दूर झाली. पेनिसिलिनासाठी या तंत्राचा मोठ्या प्रमाणावर अवलंब न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मार्च १९४४ मध्ये एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात करण्यात आला. तेथे प्रत्येकी सु. २८,००० लि. क्षमतेच्या १४ टाक्या होत्या. आजच्या बहुतेक वातजीवी (ऑक्सिजनावर अवलंबून असणाऱ्या) किण्वन प्रक्रियांचे स्वरूप या अनुभवातून घडले आहे.

प्रमाणवर्धनातील अडचणी : किण्वनात उष्णता निर्माण होते. पात्राची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी दहापट केली, तर घनफळ १,००० पट होते. पण उष्णता बाहेर जाण्यास उपलब्ध असलेले पृष्ठफळ १०० पटच वाढते. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग एकदशांश उरतो. चंबूतील उष्णता आपोआप निघून जाते. मोठ्या पात्रात मात्र थंड पाण्याची वेटोळी किंवा बाह्य उष्णता-विनिमयक बसवावे लागतात. सामान्य यीस्टची कार्यक्षमता साधारणपणे ३५° से. तापमानाच्या वर घटू लागते. उष्ण प्रदेशात उन्हाळ्यात थंड करण्याचे पाणीच कोमट असल्याने हा प्रश्न अधिक बिकट होतो.

ऑक्सिजन पाण्यात अत्यल्प विरघळतो. हवेने संतृप्त झालेल्या एक लिटर पाण्यात २५° से. तापमानास त्याचे प्रमाण सु. ८ मिग्रॅ. असते. दाट वाढलेले सूक्ष्मजीव एवढा ऑक्सिजन काही सेकंदांत संपवितात व त्यामुळे तो अखंड पुरवावा लागतो. हवा दाबून भरणे व द्रव ढवळणे यांसाठी लागणारी वीज हा स्वस्त उत्पादनाच्या बाबतीत मोठा खर्च ठरतो. लहान पात्रातील द्रव काही सेकंदांत एकजीव होतो. मोठ्या पात्रात त्यास एक ते अनेक मिनिटे लागू शकतात. परिणामी साखर जेथे सोडली जाते, तेथे ती अतिरिक्त असते व दूरच्या भागात सूक्ष्मजीव उपाशी राहतात. उंच पात्रात तळाशी दाबही वाढतो, १० मी. खोलीवर तो सु. एक वातावरण इतका अधिक असतो व त्यामुळे तेथे कार्बन डाय-ऑक्साइड जास्त विरघळतो. द्रवाबरोबर फिरणारी प्रत्येक पेशी अशा भिन्न परिस्थितींतून पुनःपुन्हा जात असते.

इंग्लंडमधील बिलिंगॅम येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजने मिथेनॉलावर जिवाणू वाढवून पशुखाद्यासाठी प्रथिन तयार करण्याकरिता सु. १,५०० घ. मी. क्षमतेचे किण्वनपात्र उभारले. मिथेनॉल एकाच ठिकाणी सोडल्यास तेथे त्याची संहती (प्रमाण) वाढून उतारा घटतो. म्हणून ते पात्रात विखुरलेल्या अनेक तोट्यांतून सोडण्याची योजना करण्यात आली. तांत्रिक दृष्ट्या हे पात्र यशस्वी ठरले. तथापि सोयाबीनसारख्या स्वस्त प्रथिनांच्या स्पर्धेत उत्पादन टिकले नाही व १९८० नंतरच्या दशकात ते बंद झाले.

मोठ्या पात्रासाठी विरजणही टप्प्याटप्प्याने वाढवावे लागते. एक लाख लि. पात्रात १० टक्के विरजण घालावयाचे, तर त्याआधी १०,००० लि. व त्यापूर्वी १,००० लि. संवर्धन तयार असावे लागते. एक मिलिलिटर संवर्धनापासून तितक्याच दाटीचे एक लाख लि. संवर्धन होईपर्यंत पेशींची संख्या सु. २७ वेळा दुप्पट होते. या काळात इष्ट रसायन बनविण्याची क्षमता गमावलेल्या पेशी उत्पन्न झाल्या, तर तो भार नसल्याने त्या अधिक वेगाने वाढतात व मूळ पेशींना मागे टाकतात. जननिक अभियांत्रिकीने बदललेल्या सूक्ष्मजीवांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते.

टप्पे : सामान्यतः चंबू, काही लिटरचे प्रयोगशाळा-किण्वनपात्र, शंभर ते काही हजार लिटरचे प्रायोगिक संयंत्र, प्रात्यक्षिक संयंत्र आणि व्यापारी कारखाना असा क्रम असतो. प्रायोगिक संयंत्राचा हेतू विक्रीयोग्य माल तयार करणे हा नसून दोष स्वस्तात उघडकीस आणणे हा असतो. प्रयोगशाळेत शुद्ध ग्लुकोज वापरलेले असते; कारखान्यात मळी, मक्याचा स्टार्च किंवा पेंढा येतो. म्हणून प्रत्यक्ष वापरावयाचा कच्चा माल, तेच पाणी आणि पुनश्चक्रित (पुन्हा वापरात आणलेले) द्रव यांवर दीर्घकाळ चाचण्या घेणे आवश्यक असते. पुनश्चक्रित द्रवात अल्प प्रमाणातील अपायकारक द्रव्ये हळूहळू साठत जातात आणि काही तासांच्या प्रयोगात ती लक्षात येत नाहीत.

उलट दिशेने विचार करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. प्रथम नियोजित मोठ्या पात्रातील तापमान, मिश्रण व ऑक्सिजन यांची विषमता अजमावतात व नंतर तशीच प्रतिकूल परिस्थिती लहान पात्रात मुद्दाम निर्माण करतात. आदर्श परिस्थितीत सर्वाधिक उत्पादन देणाऱ्या वाणापेक्षा अशा परिस्थितीत टिकणारा वाण कारखान्यासाठी अधिक उपयुक्त ठरतो.

अर्थकारण : प्रक्रियेची किफायत उतारा, उत्पादनाचा वेग व अंतिम द्रवातील उत्पादनाची संहती या तीन राशींवर मुख्यत्वे अवलंबून असते. ग्लुकोजापासून वजनाच्या जास्तीत जास्त ५१.१ टक्के एथेनॉल मिळू शकते. उरलेल्या भागाचा कार्बन डाय-ऑक्साइड होतो. त्यामुळे उताऱ्यातील थोडी घटही नफा नाहीसा करण्यास पुरेशी असते. द्रवात एथेनॉल कमी असेल, तर ऊर्ध्वपातनासाठी (उकळून वाफेच्या रूपाने घटक वेगळे करण्यासाठी) अधिक उष्णता लागते. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी सु. ९५.६ टक्क्यांपेक्षा अधिक संहतीचे एथेनॉल मिळत नाही; पेट्रोलात मिसळण्यासाठी उरलेले पाणी रेणवीय चाळणीने काढतात. रासायनिक कारखान्यांचा भांडवली खर्च ढोबळ मानाने क्षमतेच्या ०.६ घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे क्षमता दहापट केल्यास खर्च सु. चौपट होतो. यामुळे मोठा कारखाना उभारण्याचा मोह होतो. मात्र पेंढ्यासारखा हलका कच्चा माल अधिक दूरवरून आणावा लागल्याने वाहतूक खर्च वाढून या लाभाला मर्यादा पडते.

जास्त किंमतीच्या रसायनांना ही कसोटी तुलनेने सोपी जाते. ड्यू पाँट व टेट अँड लाइल या कंपन्यांनी अमेरिकेतील लाउडन (टेनेसी) येथे २००६ मध्ये मक्यापासून मिळणाऱ्या ग्लुकोजापासून १, ३-प्रोपेनडायॉल बनविण्याचा कारखाना सुरू केला. त्यासाठी जननिक बदल केलेला एश्चेरिकिया कोलाय हा जिवाणू वापरतात. कच्चा माल स्वच्छ व द्रवरूप असणे, प्रायोगिक संयंत्रातील पूर्वानुभव आणि उत्पादनाला कृत्रिम तंतूंसाठी मागणी असणे या गोष्टी त्यास अनुकूल ठरल्या.

कृषी अवशेषांपासून एथेनॉल : पेंढा, मक्याची ताटे, उसाचे चिपाड इत्यादींतील सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांपासून साखरा मिळविण्यासाठी आधी अम्ल वा वाफ यांची प्रक्रिया करावी लागते. या पूर्वप्रक्रियेत निर्माण होणारी फुरफुराल, ॲसिटिक अम्ल इ. द्रव्ये यीस्टला अपायकारक असतात. अमेरिकेत मक्याच्या अवशेषांवर चालणारे मोठे कारखाने ह्यूगोटन (कॅन्सस) व एमेट्सबर्ग (आयोवा) येथे २०१४ मध्ये, तर नेव्हाडा (आयोवा) येथे २०१५ मध्ये सुरू झाले. नेव्हाडा येथील कारखान्याची नियोजित वार्षिक क्षमता सु. ११ कोटी लि. होती. ह्यूगोटनचा कारखाना २०१५ च्या अखेरीस बंद पडला, नेव्हाडाचा विकण्याचा निर्णय २०१७ मध्ये जाहीर झाला व एमेट्सबर्ग येथील उत्पादन २०१९ मध्ये थांबविण्यात आले.

या अपयशाचे कारण एकच नव्हते. खनिज तेलाचे भाव २०१४ पासून घसरले होते. परंतु अनेक ठिकाणी खरी अडचण किण्वनापूर्वीच्या टप्प्यांत होती. शेतातून येणाऱ्या गठ्ठ्यांबरोबर माती व खडे येत, ओलाव्याचे प्रमाण बदलत राही, यंत्रे झिजत व दाबाखालील पात्रात घन पदार्थ भरताना वाट तुंबत असे. घन पदार्थ हाताळणारे कारखाने द्रव व वायू हाताळणाऱ्या कारखान्यांच्या मानाने सुरू होण्यास अधिक वेळ घेतात व नियोजित क्षमतेपेक्षा बरेच कमी उत्पादन देतात, हे अमेरिकेतील रँड या संस्थेच्या अभ्यासांतून १९८० नंतरच्या दशकातच दिसून आले होते. वाण व एंझाइमे सुधारण्याकडे जितके लक्ष दिले गेले, तितके पेंढा वाहून नेणाऱ्या यंत्रांकडे दिले गेले नाही, असे या अनुभवावरून म्हणता येते.

भारत : भारतात मळीपासून अल्कोहॉल बनविण्याचा उद्योग जुना असून महाराष्ट्रात तो साखर कारखान्यांच्या जोडीने वाढला. पेट्रोलात एथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. कृषी अवशेषांपासून एथेनॉल बनविण्याच्या तंत्राचा विकास मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत व पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीत झाला. मुंबईत विकसित झालेल्या तंत्रावर आधारित, दररोज १० टन जैव पदार्थ हाताळणारे प्रात्यक्षिक संयंत्र काशीपूर (उत्तराखंड) येथे २०१६ मध्ये सुरू झाले.

इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या पानिपत (हरयाणा) येथील कारखान्याचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. त्याचे तंत्र प्राज इंडस्ट्रीजचे असून वर्षाला सु. २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सु. ३ कोटी लि. एथेनॉल तयार करण्याची योजना आहे. म्हणजे दररोज सरासरी सु. ५५० टन पेंढा लागतो. भाताची कापणी मात्र वर्षातील थोड्याच आठवड्यांत आटोपते व गव्हाच्या पेरणीसाठी शेत लवकर मोकळे करावे लागते. याच कारणाने पंजाब व हरयाणात पेंढा शेतात जाळला जातो व त्याचा धूर दूरवर पसरतो. तो वेळेत गोळा करून, गठ्ठे बांधून, पाऊस व आग यांपासून वर्षभर सुरक्षित ठेवता आला, तरच शेतकऱ्याला त्याचे पैसे व कारखान्याला अखंड कच्चा माल मिळू शकतो. अशा उत्पादनाचे प्रमाणवर्धन त्यामुळे किण्वनपात्रापुरते मर्यादित नसून त्याचा आरंभ शेतातच होतो.