गिट म्हणतं ‘अप टू डेट’, पण कधीपर्यंतचं?

सुरत म्हटलं की डोळ्यांसमोर साड्या आणि हिरे येतात. पण अडाजण, वेसू, वराछा भागांत मोबाइल अ‍ॅप आणि वेबसाइट करणारी छोटी ऑफिसंही भरपूर झाली आहेत, आणि लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या खानदेशी घरांतली मुलं-मुलीही तिथे कामाला आहेत. शाळा महापालिकेची मराठी, ऑफिसातलं बोलणं गुजराती आणि मॅन्युअल इंग्रजीत. ‘पुश करी दीधुं?’ हा प्रश्न दिवसभर कानावर पडतो. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील, याची मात्र खात्री नसते.

यात नवख्यांचा दोष थोडा, परिभाषेचा जास्त. बेल लॅब्जमध्ये 1972 साली कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं एससीसीएस तयार झालं. नंतर आरसीएस आलं, सीव्हीएस आलं, 2000 मध्ये सबव्हर्जनचं काम सुरू झालं आणि एप्रिल 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. नव्याने जुन्याचे शब्द उचलले, पण त्यांच्याकडून कामं वेगळीच करून घेतली.

गैरसमज : गिट आणि गिटहब एकच.

गिट हा तुमच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम. इंटरनेट बंद असलं तरी कमिट होतो, जुना इतिहास दिसतो. गिटहब ही 2008 साली सुरू झालेली आणि 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेली सेवा. ‘पुल रिक्वेस्ट’चं बटण तिचं, गिटचं नव्हे. गिटलॅबवर त्याच सोयीला ‘मर्ज रिक्वेस्ट’ म्हणतात.

गैरसमज : कमिट केलं म्हणजे सर्व्हरवर गेलं.

हा बहुधा ऑफिसातल्या सीनियरांकडून येतो, आणि त्यांच्या काळी तो खराही होता. ते ‘एसव्हीएन’वर शिकले. (सुरतेत एसव्हीएन म्हटल्यावर इच्छानाथचं एसव्हीएनआयटी आठवतं, इथे विषय सबव्हर्जनचा.) सबव्हर्जनमध्ये कमिट थेट सर्व्हरवर जातो. गिटमध्ये तो तुमच्याच डिस्कवर राहतो आणि पुश केल्याशिवाय कुणालाही दिसत नाही. संध्याकाळी कमिट करून लॅपटॉप घरी नेला, तर दिवसभराचं काम लॅपटॉपबरोबर घरी गेलं.

‘चेकआउट’चं तर विचारूच नका. सबव्हर्जनमध्ये त्याचा अर्थ सर्व्हरवरून प्रत उतरवून घेणं. गिटमध्ये त्याने ब्रँच बदलते. आणि पुढे फाइलचं नाव दिलं, तर त्या फाइलमधले कमिट न केलेले बदल एका शब्दानेही न विचारता पुसले जातात. एका कमांडची ही दोन कामं वेगळी करायला ऑगस्ट 2019 मध्ये, 2.23 आवृत्तीत, ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ आल्या. नव्या माणसाला शिकवताना याच शिकवाव्यात असं माझं मत आहे.

‘रिव्हर्ट’ त्याहून महागात पडतो. सबव्हर्जनचा रिव्हर्ट म्हणजे कमिट न केलेले बदल टाकून देणं. गिटचा रिव्हर्ट जुन्या कमिटच्या उलटा असा नवा कमिट करतो. जुना जागच्या जागी राहतो. समजा, कुणी ‘.एन्व्ह’ फाइल डेटाबेसच्या पासवर्डासकट पुश केली आणि लक्षात येताच रिव्हर्ट केली. फाइल गेली, पासवर्ड इतिहासात राहिला. रिव्हर्टऐवजी ती फाइल ‘.गिटइग्नोअर’मध्ये लिहिली, तरी उपयोग नाही. ती यादी गिटच्या नोंदीत अजून न आलेल्या फाइलींसाठी असते. एकदा नोंद झालेल्या फाइलवर गिट नजर ठेवतंच. अशा वेळी आधी पासवर्ड बदलायचा, इतिहासाची सफाई नंतर.

गैरसमज : स्टेटसमध्ये ‘अप टू डेट’ आलं, म्हणजे सर्व्हरवर नवं काही नाही.

समजा, तुम्ही दहा वाजता फेच केलं. अकराला शेजारच्या टेबलावरच्या बेनने दोन कमिट पुश केले. बाराला तुम्ही गिट स्टेटस पाहिलं, तर उत्तर येतं : ‘युवर ब्रँच इज अप टू डेट विथ ओरिजिन/मेन’. गिट खोटं बोललं का? नाही. ‘ओरिजिन/मेन’ नावाने सर्व्हर दिसत असला, तरी ती तुमच्याच मशीनवरची नोंद आहे : शेवटचा संपर्क झाला तेव्हा सर्व्हरवरची मेन कुठे होती, एवढीच. स्टेटस सर्व्हरला काहीही विचारत नाही. फेच विचारतं, नोंद ताजी करतं आणि तुमच्या फाइलींना हात लावत नाही. पुल आधी फेच करतं आणि मग आलेलं तुमच्या ब्रँचमध्ये मिसळतं. मॅन्युअल या नोंदीला ‘रिमोट-ट्रॅकिंग ब्रँच’ म्हणतं. त्यातल्या रिमोट शब्दामुळे ती दूर कुठेतरी असावी असं वाटतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

गैरसमज : ब्रँच म्हणजे प्रोजेक्टची दुसरी प्रत.

ब्रँच ही कापडाच्या ताग्यावर अडकवलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठ्या दोन केल्या म्हणून कापड दुप्पट होत नाही. नेहमीच्या मांडणीत ती एक छोटी फाइल असते आणि तिच्यात एका कमिटचा 40 अक्षरी क्रमांक असतो. म्हणूनच ब्रँच चुकून डिलीट झाली तर घाबरायचं कारण नाही. तुम्ही तिच्यावर काम केलं असेल, तर रेफलॉगमध्ये, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या हालचालींच्या नोंदवहीत, तो क्रमांक सापडतो. डीफॉल्ट सेटिंगनुसार अशा सुट्या नोंदी 30 दिवस राखल्या जातात.

उरला नावांचा घोळ. पुढच्या कमिटसाठी बदल जिथे मांडून ठेवायचे, त्या जागेला कुणी ‘स्टेजिंग एरिया’ म्हणतं, मॅन्युअल ‘इंडेक्स’ म्हणतं आणि कमांडला पर्याय द्यावा लागतो ‘--कॅश्ड’. तिन्हींचा रोख एकाच जागेकडे. गिटच्या स्वतःच्या शब्दसूचीत ‘कॅश’ हा शब्द कालबाह्य म्हणून नोंदला आहे, पण पर्याय तसाच चालू आहे. त्याच सूचीत मोठ्या लिपीतला ‘हेड’ आणि छोट्या लिपीतला ‘हेड’ यांचे अर्थही वेगळे दिले आहेत. छोटा म्हणजे कुठल्याही ब्रँचचं टोक, मोठा म्हणजे तुम्ही आत्ता ज्या ब्रँचवर आहात ती. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे मराठीत नोट्स काढताना ‘ब्रँचचं टोक’ आणि ‘चालू ब्रँच’ असं सरळ लिहून टाकावं.

ऑफिससाठी सूचना लिहायची वेळ आली, तर नुसतं ‘कोड सेव्ह करा’ किंवा ‘अपडेट मारा’ असं लिहू नका. काय बदलणार आणि ते आपल्या मशीनवर की सर्व्हरवर, हे त्याच ओळीत येऊ द्या. आणि एखाद्या शब्दावर वाद झालाच, तर ‘गिट हेल्प ग्लॉसरी’ अशी कमांड द्या. मॅन्युअल गिटबरोबरच बसवलेलं असेल, तर ही शब्दसूची इंटरनेटशिवायही उघडते.