उटण्याचा वास आणि अंगाचा विसावा

दसरा उलटला की काष्ठौषधींच्या दुकानांत, किराणा मालाच्या फळ्यांवर आणि बचत गटांच्या टेबलांवर उटण्याच्या पुड्या मांडल्या जातात. पुडीवर ‘नैसर्गिक’ आणि ‘सुगंधी’ हे दोन शब्द ठळक असतात, आणि वाचणाऱ्याने त्यांचा अर्थ ‘निर्धोक’ आणि ‘मन शांत करणारे’ असा लावावा अशी अपेक्षा असते. हे दोन्ही अर्थ तपासून पाहिले पाहिजेत. आंघोळीनंतर अंग सैलावते ते मुख्यतः तेलाने, चोळण्याने, कढत पाण्याने आणि त्यासाठी काढलेल्या वेळेने. वासाचे काम वेगळे आहे. तो या साऱ्याची खूण ठरतो. उटणे घरी करावे असे मी म्हणतो ते निसर्गावरच्या भाबड्या विश्वासाने नव्हे. घरच्या उटण्यात काय आहे, किती आहे आणि कधी दळले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पुडीबद्दल असे म्हणता येत नाही.

जुन्या ग्रंथांकडे आधी जाऊ, कारण उटण्याच्या जाहिरातींना आयुर्वेदाचा आधार हमखास दिलेला असतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तला दिनचर्येचा अध्याय नीट वाचला तर तिथे कामांची वाटणी स्पष्ट दिसते. थकवा घालवणे आणि झोप आणणे हे श्रेय तो अभ्यंगाला, म्हणजे तेलाला देतो, आणि तेल विशेषकरून डोके, कान व तळपाय यांना लावायला सांगतो. उटणे चोळण्याला तो कफ आणि मेद कमी करणे, अंग घट्ट करणे, कांती सुधारणे ही कामे नेमून देतो. स्नानाने खाज, मळ, घाम आणि सुस्ती जाते असे म्हणतो. उटण्याच्या वासाने मन निवते असे तो तिथे कुठेही म्हणत नाही. अजीर्ण असताना अभ्यंग करू नये हेही त्यानेच सांगितले आहे. दिवाळीच्या आदल्या रात्रीपासून चकल्यांच्या डब्यावर हात मारणाऱ्यांनी या सूचनेकडे थोडे लक्ष द्यायला हरकत नाही.

सुगंधाचे शास्त्र आपल्याकडे वेगळ्या वाटेने वाढले आणि ते रसिकतेचे शास्त्र होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात, हा हिशेब त्यात आहे. अत्तरांच्या निमित्ताने गणित करणारा हा ज्योतिषी मला फार आवडतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान हा एक उपभोग म्हणून येतो, आणि विलेपन, म्हणजे अंगाला सुगंधी लेप लावणे, हा दुसरा उपभोग म्हणून वेगळा येतो. मराठीशी थेट नाते सांगणारा ग्रंथ म्हणजे ‘गंधवाद’. त्याचा कर्ता अज्ञात आहे, पण त्यावरची टीका मराठीत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले प. कृ. गोडे यांनी या पोथीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि गंगाधराच्या ‘गंधसारा’सोबत ती १९८९ मध्ये बडोद्याहून छापली गेली. सुगंधी द्रव्ये कशी सिद्ध करावीत हे मराठीतून समजावून घेणारा वाचक काही शतकांपूर्वीही होता, याचा हा पुरावा आहे. मात्र वैद्यकाचे ग्रंथ आणि गंधाचे ग्रंथ शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते: विसाव्याचा अधिकार पहिल्यांनी तेलाला दिला, आणि दुसऱ्यांनी वासाला आनंदाचा अधिकार दिला. त्यांची सरमिसळ आपण केली.

आधुनिक संशोधनही फारसे वेगळे सांगत नाही. टेक्सासमधल्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये झोपेआधीच्या गरम स्नानावरचे आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले. ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने, झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, निदान दहा मिनिटे आंघोळ केली तर झोप लवकर लागते असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण साधे आहे. गरम पाण्याने हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते आणि पुढच्या तासाभरात आतले तापमान उतरते. हा उतार म्हणजे शरीरासाठी झोपेचा इशारा. या साखळीत सुगंध कुठेच नाही. यातून आपल्या सणाच्या प्रथेवर एक अवघड प्रश्नही उभा राहतो. नरकचतुर्दशीचे स्नान पहाटेचे, सूर्योदयापूर्वीचे. त्यानंतर कारीट फोडायचे, फटाके, फराळ, पाहुणे. ती आंघोळ जाग आणण्यासाठी आहे, आणि सुस्ती घालवण्याचे काम वाग्भटाने स्नानाला दिलेच आहे. ज्याला शिणलेले अंग सैल करायचे आहे त्याने तीच सामग्री घेऊन वेळ बदलावी: रात्रीच्या जेवणाआधी, दिवेलागणीनंतर.

मग सुगंध निरर्थक का? मुळीच नाही. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस या केंद्राकडे जातात. वासाचा संदेश त्याला वळसा घालून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुके १९९१ मध्ये शोधून काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल मिळाले. वास विशिष्ट प्रसंगाला चिकटून बसतो तो मेंदूतल्या या थेट वाटेमुळे. याचा घरचा दाखला मोती साबणाने दिला आहे. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण, १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. पण महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत तो केवळ दिवाळीलाच उघडला जातो आणि त्याचा वास म्हणजे दिवाळी असे समीकरण बसून गेले आहे. कारखान्यात मिसळलेला वास इतके करू शकतो, याचा अर्थ जादू वनस्पतीत नव्हती. वर्षातून एकदाच येण्यात होती. रेने-मॉरिस गॅटफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ मध्ये ज्या सुगंधोपचाराला नाव दिले, त्यावरच्या प्रयोगांचीही एक मुळातली अडचण हीच आहे: वास घेतलेल्या माणसापासून तो लपवता येत नाही, त्यामुळे परिणाम द्रव्याचा किती आणि अपेक्षेचा किती हे वेगळे काढणे कठीण. घरी आंघोळ करणाऱ्याला मात्र ही अडचण सोयीची आहे. एक वास विश्रांतीसाठी राखून ठेवा, रोज वापरू नका. नाक सरावले की खूण पुसली जाते.

आता उटण्यात शिरू. पारंपरिक पाककृतीतले सुगंध बघितले तर फुले जवळपास नाहीत. आहेत ती मुळे, कंद आणि लाकूड: वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, कचोरा, जटामांसी, आंबेहळद, चंदन. याला रासायनिक कारण आहे. फुलांचे आणि लिंबूवर्गीय सालींचे सुगंधी रेणू हलके असतात, लवकर उडून जातात. वाळा, नागरमोथा आणि चंदन यांच्यातले रेणू जड असतात. वाळवून, कुटून, चाळून आणि डब्यात महिनोन्‌महिने ठेवूनही ते टिकतात. सुकलेल्या गुलाबपाकळ्या पुडीत दिसतात त्या बहुतांशी रंगापुरत्या. म्हणून घरी करताना पैसा आणि कष्ट मुळांवर खर्च करावेत. वाळ्याची मुळे चिवट असतात. ती कात्रीने बोटभर तुकडे करून सावलीत कडकडीत वाळवावीत. कडक उन्हात वाळवले तर जे हवे तेच उडून जाते. मिक्सर सलग फिरवला की भांडे तापते आणि वास स्वयंपाकघरात पसरतो, उटण्यात उरत नाही. म्हणून थांबत थांबत दळावे. मग वस्त्रगाळ करावे, कारण भरड कण त्वचा ओरखडतात. आधार म्हणून मसूरडाळीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ: ते जादा तेल शोषून घेते आणि साबणासारखे अल्कधर्मी नसते. निरोगी त्वचा पाचच्या आसपास पीएच राखते, साबणाचा पीएच नऊ-दहा असतो. चार भाग पीठ, एक भाग वाळा, एक भाग नागरमोथा, अर्धा भाग कपूरकाचरी आणि चिमूटभर आंबेहळद एवढ्यावर चांगले उटणे होते. वस्त्रगाळ केल्यावर उरलेला वाळ्याचा चोथा टाकू नये. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून त्यावर तांब्याभर उकळते पाणी ओतावे, वीस मिनिटे झाकून ठेवावे आणि ते पाणी बादलीत मिसळावे. टबाची छायाचित्रे पाहून हिरमुसायचे कारण नाही. बादली आणि तांब्याच्या आंघोळीत पाणी कमी लागते, त्यामुळे तेवढ्याच वाळ्याचा वास अधिक दाट येतो.

तेलाला वास लावायची जुनी रीत तर फारच देखणी आहे. जौनपूर-कनौजकडे तीळ आणि मोगरा-चमेलीची ताजी फुले थरावर थर रचून ठेवतात, फुले पुन्हा पुन्हा बदलतात आणि मग ते तीळ घाण्यात घालतात. सुगंध स्निग्ध पदार्थात जितका मुरतो तितका पाण्यात नाही. बाजारात मिळणारे तीव्र सुगंधी अर्क थेट बादलीत टाकू नयेत, तेही याच कारणाने: ते विरघळत नाहीत, तवंगासारखे तरंगतात आणि न पातळ झालेला थेंब अंगावर पडला तर त्वचा जळजळते. दोन थेंब चमचाभर तिळाच्या तेलात मिसळून अंगाला लावणे बरे. तेलांचीही निवड आहे. ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत होते आणि सूर्यफुलाचे तेल ते राखते, असे इंग्लंडमधल्या एका छोट्या अभ्यासात २०१३ मध्ये आढळले. फरक लिनोलिक आम्लाच्या प्रमाणाचा असावा असे अभ्यासकांचे मत. तिळाच्या तेलात हे आम्ल सुमारे चाळीस टक्के असते. परंपरेची निवड इथे तरी वाईट नव्हती.

पण परंपरेची प्रत्येक निवड अशी उतरत नाही. घरच्या उटण्यावरचा हा पहिला आक्षेप, आणि ‘घरचे आहे, अपाय कसला’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. अनेक उटण्यांत बावची असते. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य आहे. ते त्वचेला सूर्यप्रकाशाबाबत इतके हळवे करते की कोडाच्या उपचारात अतिनील किरणांसोबत ते मोजून-मापून वापरतात. बावची चोळून आंघोळ करायची आणि मग उन्हात हिंडायचे, हे भाजून घेण्याला निमंत्रण. ती वगळावी. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन हवेत राहून ऑक्सिडाइझ झाले की त्वचेला वावडे होऊ शकते. सालीची जुनी पूड त्यामुळेच फेकावी. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांवर ज्या सुगंधी द्रव्यांची नावे छापणे बंधनकारक केले ती २००३ मध्ये २६ होती, २०२३ च्या नियमाने ऐंशीच्या वर गेली. त्यांतली कित्येक गुलाब, लिंबू, लवंग यांच्यात निसर्गतःच असतात. निसर्गाने बनवले म्हणून त्वचा त्यांना सूट देत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला थोडे उटणे लावून दिवसभर थांबणे हा कंटाळवाणा पण खरा उपाय. तान्ह्या मुलांच्या अंगाला कापूर लावू नये. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी पाण्याची ऊब पायाने जोखू नये, दुसऱ्याकडून पाहून घ्यावी.

दुसरा आक्षेप जंगलाच्या बाजूने येतो आणि तो मला मान्य आहे. जटामांसी हिमालयातल्या उंच कुरणांतली, मुळासकट उपटावी लागणारी वनस्पती. तिची गणना आता अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. चंदनाचा सुगंध गाभ्यात असतो आणि तो गाभा धरायला झाडाला कित्येक वर्षे लागतात. झाड तोडल्याशिवाय तो मिळत नाही. दोन्ही पाककृतीतून काढून टाकावीत. नागरमोथा शेतकरी ज्या मोथ्याला तण म्हणून शिव्या घालतो त्याचा सख्खा नातलग आहे, आणि वाळ्याची लागवड होते. वास थोडा वेगळा येईल, पण तो राखून ठेवला तर तोच पुढे विश्रांतीचा वास ठरेल.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार: विसावा नेमका कुणाला? सोमेश्वर राजा स्वतःचे अंग चोळत नव्हता. दिवाळीच्या पहाटेही बहुतेक घरांत चार वाजता उठून पाणी तापवणारी, पाट मांडणारी, तेल लावणारी आणि शेवटी उरलेल्या कोमट पाण्याने आंघोळ उरकणारी एक बाई असते. घरगुती उटण्याचे कौतुक करताना कुटण्या-चाळण्याचे आणखी एक काम तिच्या माथी येणार असेल तर पुडीच बरी, असे म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. उत्तर इतकेच की यातले काहीही दुसऱ्याने करून द्यावे लागत नाही. वाग्भटाने सांगितलेल्या तिन्ही जागा, डोके, कान आणि तळपाय, स्वतःच्या हाताला सहज पोहोचतात. महिन्यातून एका संध्याकाळी वीस मिनिटे दार बंद करून बसण्याला मुहूर्त, पाट, औक्षण काहीच लागत नाही. दळण मात्र घरातल्या ज्याला त्या आंघोळीची हौस आहे त्याने करावे. उत्साहाने फराळ खाणाऱ्या पुरुषांना मिक्सर चालवता येतो.

पुडीच घ्यायची असेल तर घटकांची यादी वाचा: स्वस्तात चंदनाचा दावा करणारी ठेवून द्या, बावची असलेली परत करा, दळल्याची तारीख नसलेली घेऊ नका. आणि काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर वाळा आणि नागरमोथा अख्खाच मागा. कुटलेला मागू नका, कारण कुटल्यावर त्यात काय मिसळले आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही.