कारखान्यांतील खंडेनवमी

आश्विन शुद्ध नवमीस खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे तलवार. पूर्वीं या दिवशीं शस्त्रांची पूजा होई. पुढें सुताराचा रंधा, शिंप्याची कातर व लेखनिकाची दौत यांनाही तो मान मिळाला. आज कारखान्यांतील यंत्रांवर झेंडूच्या माळा चढतात. ज्या साधनावर पोट चालतें त्यापुढें वर्षांतून एकदां नम्र व्हावें, ही भावना उदात्त खरी. परंतु यंत्राला भावना कळत नाहीं, हें विसरून चालत नाहीं.

फिरत्या दांड्यावर हार घातला आणि कोणीं चुकून कळ दाबली, तर दोरा क्षणांत गुंडाळला जातो व त्याबरोबर हातही ओढला जातो. विजेच्या फळीवर पाणी शिंपडलें, तर ओलाव्यांतून विजेस वाट मिळते. कापसाचा भुरका, रंग अथवा पेट्रोल असेल तेथें निरांजन व कापूर म्हणजे आगीस आमंत्रणच. म्हणून पूजेपूर्वीं विजेचा प्रवाह तोडून खटक्यास कुलूप घालावें व किल्ली जबाबदार माणसानें आपल्याजवळ ठेवावी. हार स्थिर सांगाड्यावरच घालावा. नारळ बाहेर फोडावा, कारण सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरतो. मंडपानें बाहेर पडण्याचें दार अडवूं नये. यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वीं शेवटचा दोराही निघाला कीं नाहीं, हें पाहावें.

शरीराची काळजी घेणें एकवेळ सोपें. मनाची घेणें कठीण. वर्गणीची यादी भिंतीवर लागली, कीं कमी देणाराचें नांव सर्वांस दिसतें; मग ती वर्गणी राहत नाहीं, कर होतो. त्यापेक्षां बंद पेटी बरी. अन्य धर्माचा, किंवा पूजेवर श्रद्धा नसलेला कामगार दूर राहिला, तर त्यास कारण विचारूं नये. आणि तो फराळास आला, तर तितक्याच आगत्यानें ताट पुढें करावें. कोणाचा नवरात्राचा उपवास असतो, कोणास कंदमुळें वर्ज्य असतात. तेव्हां पदार्थांत काय आहे हें आधींच सांगितलेलें असावें.

कांहीं कचेऱ्यांत हळदीकुंकूही होतें. वर्षभर शेजारच्या टेबलाशीं बसणारी विधवा भगिनी त्या वेळीं आपण होऊन उठून जाते. तिला उठावें लागूं नये, हीच त्या समारंभाची कसोटी होय. रंग लावणें, नाचण्याचा आग्रह धरणें, सलगीची थट्टा करणें, यांस सणाची सबब चालत नाहीं. लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या 2013 सालच्या कायद्याप्रमाणें नोकरीच्या निमित्तानें जेथें जावें लागतें तें स्थळही कामाचेंच ठिकाण समजलें जातें. आणि जेथें 10 किंवा अधिक माणसें काम करतात तेथें तक्रारीसाठीं स्त्रीच्या अध्यक्षतेखालीं समिति असणें बंधनकारक आहे.

राहतां राहिला पहारेकरी, झाडणारा आणि कंत्राटी मजूर. मंडप तेच उभारतात, पत्रावळीही तेच उचलतात. त्यांचें पान त्याच पंक्तींत व त्याच वेळीं मांडलें गेलें, तर यंत्रांबरोबर श्रमाचीही पूजा झाली, असें म्हणतां येईल.