एका शब्दाची ओढाताण

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टींचा साक्षात्कार होतो. वर्तमानपत्र हातभर लांब धरल्याखेरीज वाचता येत नाही, आणि वाकून पायाच्या अंगठ्याला हात पोचत नाही. पहिलीवर चष्म्याचा उतारा आहे. दुसरीवर अस्मादिकांनी सूर्यनमस्कारांचा योजला.

औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोचवलेले हे नमस्कार मी लहानपणी घातलेले. एका पहाटे अंगणात उभा राहिलो, गुडघे ताठ केले आणि हात जमिनीला टेकेनात म्हणून दोन-चार हिसके दिले. चौथ्या हिसक्याला मांडीमागे अशी कळ गेली, की पुढे दोन आठवडे वर्गात लंगडतच शिरत होतो.

"आखडलेले स्नायू ताणत होतो," मी डॉक्टरांना सांगितले.

"सर, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. स्नायू म्हणजे नेमके काय, सांगा बघू!"

मी गप्प. मग त्यांनीच माझी शिकवणी घेतली. हाडे हलवतो तो स्नायू. तो आकसतो, लांबतो. त्याला हाडाशी जोडतो तो स्नायुरज्जू. तो चिवट, जेमतेम ताणला जाणारा. आणि हाडाला हाडाशी बांधून सांधा जागेवर ठेवतो तो अस्थिबंध. ताण द्यायचा तो स्नायूला. तोही सावकाश, शरीर थोडे गरम झाल्यावर, वीस-तीस सेकंद. एकदम हिसका दिला, तर स्नायूतली ताण ओळखणारी यंत्रणा त्याला उलट आकसायला लावते. काही आठवड्यांनी हात खाली पोचू लागतो, तो बहुतांशी स्नायू लांब झाला म्हणून नव्हे, तर मज्जासंस्था तेवढा ताण सोसायला शिकते म्हणून!

घरी येऊन सुश्रुताचे शारीरस्थान उघडले. पेशी ५००, स्नायू ९००, कंडरा १६, अशी तिथे वेगवेगळी मोजदाद आहे. फळ्या बांधून केलेली नाव जशी पाण्यावर भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराचा भार वाहतात, असा दृष्टान्तही आहे. म्हणजे सुश्रुताचा स्नायू हे बंधन. आपण मराठीत ते नाव मांसपेशीला देऊन मोकळे झालो! मिरकरवाड्याला रोज होड्या पाहणाऱ्या मला तो दृष्टान्त चटकन पटला. बंध सैल झाले, तर नावेचे काय होईल?

आणि तेव्हाच मला आमच्या चिरंजीवांचा घोटा आठवला.

गेल्या वर्षी रत्नदुर्गाच्या पायऱ्यांवर त्याचा पाय मुरगळला होता. "स्नायू आखडलाय, ताण दे, मोकळा होईल," असे म्हणून मीच त्याचा पाऊल धरून ओढला होता. मुरगळतो तो अस्थिबंध. त्याला आधार हवा, विसावा हवा; मी त्याला आणखी ताणले. त्यानंतर तो घोटा दोनदा दगा देऊन गेला. माझ्या ओढण्यानेच असे झाले का, हे डॉक्टर ठामपणे सांगेनात. पण "एकदा फार ताणलेला अस्थिबंध पूर्वीसारखा घट्ट होईलच असे नाही," एवढे ते म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षे मुलांना शब्दांचे अर्थ सांगतो आहे, आणि घरात एका शब्दाच्या गोंधळाने पोराचा पाय ओढला!

सैल बंधाला आजूबाजूचे स्नायू सावरून धरतात, हा त्यातला दिलासा. म्हणून आता रोज सकाळी आमच्या अंगणात दोन विद्यार्थी असतात. चिरंजीव दुखऱ्या पायावर तोल सांभाळत उभे राहतात. मी गुडघे किंचित सैल सोडून, लाकडी ठोकळ्यावर हात टेकून वाकतो. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी ठोकळे, पट्टे, दोऱ्या यांच्या आधाराने आसने शिकवली, त्यातले मर्म मला आता कळते: हात जमिनीकडे जाण्याऐवजी जमीनच हाताकडे आणावी!

"बाबा, अंगठा किती दूर?" तो एका पायावर डुलत विचारतो.

"चार बोटे," मी सांगतो. "पण घाई नाही."