शिंदीच्या देठावरचे ठिपके

नाल्याकाठच्या शिंदीची झावळी गळते, पावसात भिजत पडते आणि तिच्या देठावर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके उठतात. एकेक ठिपका म्हणजे बुरशीचं बीजाणूंनी भरलेलं घर. बीजाणू दहा मायक्रॉनचा धरला, तर खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेत दहा हजार मांडता येतील.

पण खरा आकडा बीजाणूंचा नाही, जातींचा आहे. १९९१ मध्ये बुरशीतज्ज्ञ हॉक्सवर्थ यांनी वनस्पतीच्या एका जातीमागे सहा बुरश्या धरून जगाचा अंदाज बांधला, १५ लाख. १९९९ मध्ये फ्रॉलिख आणि हाइड यांनी ऑस्ट्रेलिया व ब्रुनेईतल्या पामांवरच्या बुरश्या तपासून सांगितलं की पामांपुरतं हे प्रमाण एकाला तेहतीस असावं. जगात पामांच्या जाती सुमारे २,६००. तेहतीसने गुणा, ८५,८००! आणि अळिंबीपासून यीस्टपर्यंत आजवर नाव मिळालेल्या सगळ्या बुरश्या मिळून जेमतेम दीड लाखाच्या वर. हा गुणाकार मी दोनदा करून पाहिला.

अलीकडच्या अंदाजाप्रमाणे एकूण बुरश्या २५ लाख धरल्या आणि वर्षाला अडीच हजार नव्या नोंदल्या, तरी उरलेल्यांना साडेनऊशेच्या आसपास वर्षं लागतील. १२९० साली, ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा हे काम सुरू केलं असतं, तर अजून दोन शतकं बाकी असती.

इतका वेळ का? देठ ओल्या टीपकागदावर काचेच्या बशीत ठेवायचा, वाट पाहायची. सूक्ष्मदर्शकाखाली एकच बीजाणू उचलून वाढवायचा, मोजायचा, रेखाटायचा, डीएनए वाचायचा, जुन्या वर्णनांशी ताडायचा. नमुना संग्रहात जमा करायचा. पुण्याच्या आघारकर संस्थेत असा राष्ट्रीय संग्रह आहे. २०१३ पासून नोंदणी क्रमांकाशिवाय नवं नाव ग्राह्य नाही. यातली एकही पायरी गाळण्यासारखी नाही.

पाम आणि बुरशी यांची सोबत जुनी आहे. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या गारगोटीसारख्या दगडांत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडं पेशींसकट टिकली आहेत. नागपूरच्या विज्ञान संस्थेतल्या श्या चितळे यांनी अनेक वर्षं ते दगड वाचले. त्यांत निपा पामाची फळं निघाली, बुरशीचे बीजाणूही निघाले. निपा आज सुंदरबनच्या खाड्यांत उभा आहे आणि त्या एकट्या जातीवर शंभराहून अधिक बुरश्या नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या शिंदीचीही अशी यादी हवी. पावसाळा सरता सरता देठ तयार असतात.