गिटारच्या आवाजात सुताराचा वाटा

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात सुतारकाम करणाऱ्या आपल्या कारागिरांकडे कपाट, पलंग आणि शोकेस यांच्या जोडीने अधूनमधून एक वेगळे काम येते. एखादा तरुण लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्पीकर घेऊन येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, याला एक पेटी करून द्या." मिस्त्री माप घेतात, प्लायचा हिशोब लावतात, फुटावर मजुरी सांगतात आणि दोन दिवसांत पेटी हातात देतात. पण या गिऱ्हाइकाचा पारखण्याचा मार्ग वेगळा असतो. कपाट डोळ्यांनी पारखले जाते, ही पेटी कानांनी.

कल्याणच्या एका मिस्त्रींच्या बाबतीत आम्ही हे जवळून पाहिले. मंडपवाल्यांचे मोठे स्पीकर बॉक्स बनवण्यात त्यांचा हात बसलेला. डोंबिवलीच्या एका गिटार वाजवणाऱ्या मुलाने १२ इंची स्पीकरसाठी पेटी सांगितली. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे २५ मि.मी. जाड प्लाय घेतला, जागा वाचावी म्हणून पेटी लहान केली आणि सगळीकडून घट्ट बंद केली. काम चोख होते. तरीही चौथ्या दिवशी मुलगा पेटी घेऊन परत आला. म्हणाला, "चाचा, आवाज नाकातून येतोय." मिस्त्रींना हे बोलणे थट्टेचे वाटले. मुलाचे म्हणणे मात्र खरे होते.

पेटी करते काय?

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे आवाज पुढूनही निघतो, मागूनही निघतो आणि दोन्ही एकमेकांच्या उलट असतात. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला मारतो. यात जाड, खर्जाचा आवाज सर्वांत जास्त मरतो, कारण त्याची लहर लांब असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्‌झचा. त्याची एक लहर हवेत चार मीटरहून अधिक लांब असते. एवढ्या लहरीला फूटभर स्पीकरचा वळसा म्हणजे काहीच नाही. म्हणून पुढचा आणि मागचा आवाज वेगळा ठेवणे हे पेटीचे पहिले काम.

पाठ पूर्ण बंद केली की आतली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. मग पडद्याला खाली, खर्जात जाणे जड होते आणि मधला आवाज पुढे येतो. त्या मुलाच्या पेटीत नेमके हेच झाले होते. पेटी पुरेशी मोठी ठेवली तर तीच बंद पाठ खर्ज घट्ट आणि ठोस करते. पाठ उघडी किंवा अर्धी उघडी ठेवली तर खर्ज थोडा कमी होतो, पण आवाज मोकळा होतो, खोलीभर पसरतो आणि वादकाच्या मागे उभ्या असलेल्या साथीदारांनाही ऐकू येतो.

जगातल्या दोन नामांकित घराण्यांनी हेच दोन मार्ग धरले. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातील जुन्या गिटार ॲम्प्लिफायरच्या पेट्या पाइनच्या फळ्यांच्या असत. कोपऱ्यांत बोटांत बोटे गुंतवावीत तसा खाचांचा जोड, मागची बाजू बरीचशी उघडी आणि स्पीकरची दर्शनी फळी पातळ प्लायची. वाजताना ती फळी आणि पेटीही थोडी थरथरे आणि ती थरथर आवाजात मिसळे. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ साली ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. त्यांची चार १२ इंची स्पीकरची, पाठ बंद असलेली पेटी जगभर गाजली. ती बर्च प्लायची, जड आणि ताठ. रॉक संगीतातला छातीवर आदळणारा आवाज बराचसा त्या पेटीचा आहे.

दोन गिऱ्हाइके, दोन पेट्या

आमच्या कारागीर बांधवांनी एक गोष्ट मनात पक्की करावी. सभेसाठी, मुशायऱ्यासाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी जी पेटी लागते, तिने स्वतः काहीही बोलू नये. वक्त्याचा आवाज जसा आहे तसाच लोकांपर्यंत जावा. तिथे १८ मि.मी. किंवा त्याहून जाड प्लाय, आतून आडव्या पट्ट्यांचा आधार, हवाबंद सांधे आणि आतल्या भिंतींना कापसासारखे अस्तर हे सगळे योग्य. गिटारची पेटी मात्र वाद्याचाच भाग आहे. तिने थोडे बोलावे अशीच वादकाची इच्छा असते. तिथे सगळीकडे आधार ठोकून आणि आत अस्तर कोंबून तिचा जीव घेऊ नये. म्हणून मापाआधी दोन प्रश्न विचारावेत. यावर काय वाजवणार? आवाज घट्ट हवा की मोकळा? बेस गिटार असेल तर तिचा खालचा सूर ४१ हर्ट्‌झपर्यंत उतरतो. तिला मोठी, ताठ पेटी हवी. उघडी पाठ तिथे चालत नाही.

लाकडाचा हिशोब

२० इंच रुंद, १८ इंच उंच आणि ११ इंच खोल अशी एका १२ इंची स्पीकरची पेटी धरू. पाठीसह तिला सुमारे ११ चौरस फूट माल लागतो. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ३२ चौरस फूट असतात, म्हणजे दोन पेट्या सहज निघतात आणि उरलेल्या तुकड्यांतून आतल्या पट्ट्या. १८ मि.मी. प्लाय धरल्यास आत सुमारे पावणेदोन घनफूट हवा राहते. नुसत्या प्लायचे वजन ११-१२ किलोच्या घरात जाते. सुक्या पाइनची पेटी दोन-तीन किलोंनी हलकी होते आणि लोकलने ये-जा करणाऱ्या वादकाला हा फरक खांद्यावर कळतो. पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेले पाइन वापरायचे तर ते पूर्ण सुकलेले आणि बिनगाठींचे निवडून घ्यावे, नाहीतर पेटी वाकते.

प्लाय घेताना आयएसआय शिक्का पाहावा. उकळत्या पाण्याला टिकणारा म्हणून विकला जाणारा प्लाय आयएस ३०३ या मानकात येतो, तर मरीन प्लाय आयएस ७१० मध्ये. आतल्या थरांत पोकळी असलेला स्वस्त प्लाय कपाटात खपून जातो, पेटीत मात्र ती पोकळी झणझणते. पार्टिकल बोर्ड आपल्याकडच्या पावसाळ्यात कडेने फुगतो आणि स्क्रू सैल होतात. कोणताही माल घेतला तरी रेक्झिन चढवण्याआधी कापलेल्या कडांना सीलर किंवा वॉर्निश द्यावे.

बारीक कामात नाव होते

सांध्यांना फेविकॉल भरपूर लावून, शिकंज्यात आवळून पूर्ण सुकू द्यावे. नुसत्या खिळ्यांवर उभी केलेली पेटी सहा महिन्यांत आवाज करू लागते. १२ इंची स्पीकरचे भोक सुमारे ११ इंचांचे असते, तरी स्पीकर हातात घेऊन मोजल्याशिवाय करवत लावू नये. स्पीकर टी-नट आणि बोल्टने बसवावा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावेत.

दोन स्पीकर असतील तर जोडणी तपासावी. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, धन टोक लाल खुणेला, की पडदा पुढे यायला हवा. एक पुढे आणि एक मागे गेला तर खर्ज नाहीसा होतो आणि दोष पेटीवर येतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम, एकामागे एक जोडले की १६. आपल्या ॲम्प्लिफायरला किती चालते हे गिऱ्हाइकाला विचारूनच जोडावे. शेवटी मोबाईलच्या ॲपवरून ८० पासून ४०० हर्ट्‌झपर्यंत सूर हळूहळू चढवत न्यावा. कुठे जाळी, हँडल किंवा सैल पट्टी झणझणली तर ती दुकानातच सापडते.

मजुरी कशाची?

कल्याणच्या त्या मिस्त्रींनी अखेर पाठीची फळी तीन भागांत कापली, मधला भाग काढून टाकला आणि आवाज मोकळा झाला. मुलगा खूश झाला. मिस्त्रींचा मात्र एक दिवस फुकट गेला, कारण दुरुस्तीचे पैसे मागायला तोंड नव्हते. हाच प्रश्न आधी विचारला असता तर तो दिवसही वाचला असता आणि फुटाच्या दराऐवजी पूर्ण पेटीचा दर सांगता आला असता.

या कामाला आपल्या भागात जागा आहे. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांच्या परिसरात वादकांची, गिटार शिकवणाऱ्यांची आणि कॉलेजच्या मुलांच्या चमूंची वस्ती आहे. उलट मोठमोठ्या बॉक्सच्या धंद्यावर कायद्याची मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही हद्द असून रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणासमारंभांसाठी वर्षातले मोजकेच दिवस सूट मिळते. खोलीत सरावासाठी वाजणारी लहान, नीट बांधलेली पेटी तुलनेने निर्धास्त धंदा आहे.

आमची सूचना एवढीच. प्रत्येक पेटीचे माप, माल, पाठ बंद की उघडी आणि गिऱ्हाइकाचे मत एका वहीत लिहून ठेवावे. दहा पेट्यांनंतर ती वही भांडवल होईल, आणि अकराव्या गिऱ्हाइकाला दर सांगताना मिस्त्रींचा आवाज अडकणार नाही.