शिंकेला पाचशे की ठोक्याला पैसा?

एका शिंकेला ५०० रुपये. चाललात तर पावलाला १० पैसे. श्वासाला ५ पैसे आणि हृदयाच्या ठोक्याला फक्त १ पैसा. चारांतलं एकच निवडायचं, तेही जन्मभरासाठी. ऐकणाऱ्याचं मन आधी शिंकेकडे धावतं. ठोक्याच्या पैशाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आता हिशोब मांडू. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे १,००,८००. म्हणजे रोजचे १,००८ रुपये, गाढ झोपेतसुद्धा. सत्तर वर्षांत ठोके होतात सुमारे २५७ कोटी आणि रक्कम जाते २ कोटी ५७ लाखांवर, तीही पैशापैशाने.

मिनिटाला १५ श्वास म्हणजे दिवसाला २१,६००. त्याचे १,०८० रुपये. योगपरंपरेत अजपाजपाची, म्हणजे श्वासाबरोबर आपोआप होणाऱ्या जपाची, संख्याही हीच आहे: सहा श्वासांचं एक पळ, साठ पळांची घटिका, साठ घटिकांचा दिवस. मला या मेळाचं फार अप्रूप वाटतं. पैशाच्या लोभाने भराभर श्वास घ्यावेत, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरायला लागतं.

शिंकेचे पाचशे निवडले, तर दिवसातून दोन शिंका आल्या तरच ठोक्याची बरोबरी जेमतेम होते. शिंक सांगून येत नाही आणि झोपेत तर जवळजवळ येतच नाही. उरते तपकिरीची चिमूट. रोज नाकाचे हाल करून किती दिवस कमावणार?

घरात सर्वांत मोठा कमावता निघेल पाळण्यातला तान्हा जीव! त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १३५ च्या आसपास पडतात, श्वास ४० च्या घरात. नुसत्या ठोक्यांचे रोज १,९४४ रुपये आणि श्वास निवडले तर २,८८०.

हालचाल मोजून मजुरी देणं कल्पनेतच आहे असंही नाही. सोलापुरात घरोघरी बायका विड्या वळतात आणि मजुरी हजारावर ठरते. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोकं दुमडायची, दोरा बांधायचा. आठ तासांत हजार वळायच्या तर एका विडीला २९ सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात हृदयाचे ३३-३४ ठोके पडतात. ते कुणी मोजत नाही.

आता ठोक्यातली खोट. नेमाने धावणाऱ्याचं हृदय विश्रांतीत मिनिटाला ५० वरही येतं. तासभर १५० च्या गतीने धावला तरी दिवसाचे ठोके ७८,००० भरतात. बसून राहणाऱ्यापेक्षा रोज २२८ रुपये कमी, वर्षाला ८३ हजारांचा तोटा. तब्येत सुधारली की मिळकत घटणार.

म्हणून मी पाऊल घेईन. दिवसाला १०,००० पावलांचे १,००० रुपये, म्हणजे ठोक्याहून आठच रुपये कमी. आळंदी ते पंढरपूर ही पायी वारी सुमारे २५० किलोमीटर. दोन फुटांचं पाऊल धरलं तर चार लाखांवर पावलं आणि चाळीस हजारांवर रुपये. खुर्चीतल्या माणसाची रोजची ३,००० पावलं मात्र ३०० रुपयांवरच थांबतात. बाकीचे ७०० मिळवायला त्याला उठून तासभर बाहेर पडावं लागेल, आणि या चार सौद्यांत एवढा एकच आहे जो त्याला उठवतो.